हणमंतराव निघताना काय म्हणाले

जॉर्जियाच्या डोंगरात त्या बाईच्या घरापाशी बस पहिल्यांदा थांबली ती लघवीसाठी. नांदेडला परतल्यापासून हणमंतराव हे कारण सांगत नाहीत; 'देखावा छान होता म्हणून थांबलो' असं सांगतात. देखावा वगैरे काही नव्हता. धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हरला समोरची काच तेवढी दिसत होती. पण साठी ओलांडलेल्या दोन डझन माणसांनी सकाळी हॉटेलात फुकटचा चहा मनसोक्त घेतलेला असला की देखावा असो नसो, बस थांबवावीच लागते.

सहलीचा शेवटचा दिवस होता. डोंगरातल्या हॉटेलातून निघायचं, दुपारपर्यंत राजधानीतला विमानतळ गाठायचा, संध्याकाळचं विमान धरायचं आणि हैदराबादमार्गे आपापलं घर जवळ करायचं, एवढाच कार्यक्रम होता. सहल नांदेड-लातूरच्या मंडळींची. बरोबर रविकिरण नावाचा लातूरचाच मॅनेजर, आणि गिओर्गी नावाचा तिथला ड्रायव्हर, ज्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी गिरजाप्पा करून टाकलं होतं. तोही बिचारा या नावाला ओ देत होता.

हणमंतराव पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. ते परदेशी निघाले तेव्हा त्यांच्या नांदेडच्या कॉलनीनं सल्ला द्यायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. समोरच्यांनी कानटोपी न्यायला सांगितलं. मागच्यांनी धपाटे कशात बांधले म्हणजे टिकतात ते सांगितलं. आणि शेजारचे सिद्धेश्वर गुरुजी, ज्यांनी हैदराबादच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं, ते गेटपर्यंत येऊन म्हणाले, "परक्या मुलखात कशावर सही करू नका. लई बखेडे होतात." हणमंतरावांनी हा सल्ला काटेकोर पाळला. त्या दिवशी त्यांनी कशावरही सही केली नाही. जे झालं ते नुसतं बोलण्यानं झालं.

त्यांची खरी काळजी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिचं नाव वीरण्णा. उदगीरला हार्डवेअरचं दुकान, हणमंतरावांचा कॉलेजपासूनचा मित्र. दीड वर्षापूर्वी त्याची बायको केवळाबाई वारली. वीरण्णाच्या घरात कन्नड बोलतात. बाहेर पडताना आपण 'येतो' म्हणतो तसं त्यांच्यात 'होगी बर्तीनी' म्हणतात, म्हणजे 'जाऊन येते'. केवळाबाई गिरणीत दळण टाकायला निघाल्या तरी तेवढं म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. दवाखान्यात न्यायला गाडीत बसवलं त्या सकाळी मात्र त्या घराकडे बघून नुसतं 'होगतीनी' म्हणाल्या. जाते. आणि गेल्याच.

तेव्हापासून वीरण्णा अर्धी भाकरी खायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. सहलीची कल्पना हणमंतरावांची. वीरण्णाची मुलगी मनस्विनी लातूरला बँकेत असते. ती म्हणाली, "काका, पप्पांना तुमच्या जबाबदारीवर नेऊन राहिले. नीट वापस आणा." हणमंतरावांनी शब्द दिला. सबंध सरकारी नोकरीत त्यांनी कुणाला शब्द म्हणून दिला नव्हता, त्यामुळे हा त्यांना फार जड झाला होता. बरं, मित्राला हसवायला एवढ्या लांब आणलं, तर त्यानं एकदा तरी हसावं की नाही? बर्फ दाखवला, देवळं दाखवली, आकाशपाळण्यात बसवलं. वीरण्णा सगळ्याला 'बरं हाय' म्हणाला.

तर धुक्यात ते घर दिसलं. लाकडी, ओसरीवर द्राक्षाचा वेल, पायरीवर एक पिवळं कुत्रं. दारात काळा रुमाल बांधलेली एक उंच म्हातारी उभी होती, जशी काही बस येणार हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तिनं कुणालाही काही न विचारता मागच्या बाजूचा संडास दाखवला, आणि सगळे मोकळे होऊन आले तर ओसरीवर चहा तयार. काळा, बिनसाखरेचा, कडू. रविकिरण पैसे देऊ लागला, तर तिनं त्याच्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

हणमंतरावांना फार बरं वाटलं. त्यांनी निघताना दारात उभं राहून हात जोडले आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हणाले, "बरं, येतो आम्ही."

त्यांच्यामागून सगळ्यांनीच म्हटलं. "येतो." "येतो बरं का मावशी." "येतो."

म्हातारी म्हणाली, "या."

सगळी बस हसली. त्यांच्या भाषेत त्याचा काही वेगळा अर्थ असणार, असं रविकिरणनं समजावलं. काय अर्थ ते त्यालाही माहीत नव्हतं. धुक्यातून बस खाली उतरू लागली. कुणीतरी भेंड्या सुरू केल्या, दोन माणसं घोरू लागली, आणि हणमंतरावांच्या लक्षात आलं की आपली कानटोपी त्या ओसरीवरच राहिली. ते कुणाला काही बोलले नाहीत. एका टोपीसाठी दोन डझन माणसांची बस मागे फिरवायची, इतके काही ते अडाणी नव्हते.

थोड्या वेळानं बस थांबली. समोर लाकडी घर, ओसरीवर द्राक्षाचा वेल, पायरीवर पिवळं कुत्रं. आणि दाराशेजारच्या खुंटीला हणमंतरावांची कानटोपी.

बसमधले सगळे आधी खिडक्यांकडे झुकले. मग सगळे एकदम बोलले, आणि ते हणमंतरावांनाच बोलले.

"एका टोपीपायी बस वापस फिरवली व्हय साहेब? सांगायचं तरी."

"आमची औषधं हॉटेलात राहिली तवा न्हाई फिरवली कुणी."

"रिटायर झाले तरी साहेबी जात न्हाई, बगा."

हणमंतराव उभे राहिले. एकेकाळी त्यांच्या एका सहीवर कालव्याचं पाणी सुटत असे. "मी बस फिरवायला सांगितली न्हाई," ते म्हणाले. "विचारा गिरजाप्पाला." गिरजाप्पा स्टिअरिंग धरून समोर बघत होता. बस कुठे वळवलीच नाही, रस्त्याला फाटाच लागला नाही, असं त्यानं रविकिरणला हातवारे करून सांगितलं. सांगताना त्यानं दोनदा छातीवर क्रूस काढला. रविकिरणनं ते भाषांतरात गाळलं, पण हणमंतरावांनी पाहिलं.

म्हातारी दारात उभी होती. ओसरीवर चहा तयार होता. या वेळी त्यात दूध होतं.

चहा न घेणं वाईट दिसलं असतं, म्हणून सगळ्यांनी तो घेतला, टोपी घेतली, 'येतो' म्हटलं. म्हातारी 'या' म्हणाली. या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

बस निघाल्यावर हणमंतरावांनी सूत्रं हातात घेतली. आळ आलेला माणूस स्वस्थ बसू शकत नाही, त्यातून तो इंजिनिअर. ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाणी कधी चुकत न्हाई. रस्त्याच्या कडंनं ओढा हाय. तो जिकडं उतरून राहिला तिकडं चला. खालीच जाणार, दुसरीकडं कुठं जाईल?" गिरजाप्पानं मान डोलावली. बस ओढ्याच्या कडेनं उतरत राहिली, ओढा खळखळत शेजारून उतरत राहिला, सगळ्यांच्या कानांना दडे बसून ते मोकळे झाले, इतका तो उतार खरा होता. आणि तो सबंध उतार उतरून बस त्याच डोंगरावरच्या त्याच घरापुढे येऊन उभी राहिली. ओढा घराच्या मागून वर चढून गेल्यासारखा दिसत होता. हणमंतरावांनी त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

या वेळी उंबरठ्यापुढे पाणी शिंपडलेलं होतं, आणि ओल्या जमिनीवर रांगोळीचे चार ठिपके होते. ठिपके अजून जोडलेले नव्हते. चहात साखर होती, आलं होतं, आणि कपाखाली बश्या होत्या. त्या देशात आल्यापासून त्यांना बशी दिसली नव्हती.

हणमंतरावांची बायको सौदामिनी चहाचा वास घेऊन हळूच म्हणाली, "आवं, ही शिकून राहिली."

"काय शिकून राहिली?"

"आपल्याला."

बसमधल्या बायकांनी पदर डोक्यावर ओढले. रविकिरण कोपऱ्यात जाऊन फोन करू लागला. फोनमधल्या नकाशाची बाई मराठीत बोलत असे, तिला विमानतळाचा रस्ता विचारला तर ती गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात." मग त्यानं नांदेडच्या ऑफिसला फोन लावला. ऑफिसनं सांगितलं की या घराचा थांबा कार्यक्रमपत्रिकेत नाही, तेव्हा तुम्ही तिथे आहात असं ऑफिसला मानता येणार नाही. रविकिरण म्हणाला, पण आम्ही तिथंच आहोत. ऑफिस म्हणालं, मग तसा लेखी अर्ज फोटोसकट पाठवा, साहेब जेवायला गेलेत, आले की बघतील. रविकिरणनं फोटो काढला. फोटोत धुकं होतं, ओसरीवर उभी असलेली दोन डझन मराठी माणसं होती. ओसरी नव्हती. त्यानं तो फोटो पुसून टाकला आणि नेटवर्क नाही असं सगळ्यांना सांगितलं.

मग सौदामिनीनं इलाज सुचवला. घरातून निघालेलं माणूस अर्ध्यातून परत आलं, तर आपल्याकडे लगेच पुन्हा निघत नाहीत. घडीभर बसतात, घोटभर पाणी पितात आणि मग नव्यानं निघतात. सगळ्यांना ते पटलं. परदेशात पटण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं. सगळे ओसरीवर ओळीनं बसले, पाणी प्याले, नव्यानं उठले आणि नव्यानं 'येतो' म्हणाले.

चौथ्या वेळी बस थांबायच्या आधीच खिडकीतून भाजल्या भाकरीचा वास आला. खाली उतरल्यावर बघतात तर ठिपके जोडून झालेले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि पितळीत लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी होती. बाकी कुणी तिला हात लावला नाही. वीरण्णा मात्र खाली मांडी घालून बसला, त्यानं भाकरी मोडली आणि अख्खी खाल्ली. मग दुसरी घेतली. म्हातारी त्याच्यासमोर बसली होती. तो तिच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलत होता, भाकरीला पापुद्रा छान सुटलाय असंच काहीतरी असावं, आणि ती मान डोलावत होती. आणि मग वीरण्णा हसला.

हणमंतरावांना ते हसू बघून आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं, आणि मग भीती वाटली. आनंदाचं कारण उघड आहे. वाईट अशासाठी वाटलं की आपण आठ दिवस बर्फ दाखवत हिंडलो आणि या बाईनं एका भाकरीत काम केलं. आणि भीती वाटली, कारण वीरण्णानं पायातले बूट काढून भिंतीशी नीट जोडीनं लावून ठेवले होते. पाहुणा माणूस बूट असे लावत नाही.

त्यांनी सौदामिनीला बाजूला घेतलं. "ह्याला हितून हलवायचं कसं? मी मनस्विनीला शब्द दिलाय."

"तुम्ही शब्द लई लोकाला दिलाव," सौदामिनी म्हणाली. "ह्या बाईला काय म्हणलाव निघताना?"

"काय म्हणलो? येतो म्हणलो."

"दर वेळी?"

"मग? दर वेळी."

"आन् ती काय म्हणली?"

"या म्हणली."

"मग तिचं काय चुकलं?" सौदामिनी म्हणाली. "तुम्ही येतो म्हणून राहिले, तुम्ही येऊन राहिले. ती बिचारी सैपाक करून राहिली."

गोष्ट इतकी सोपी होती की तिच्यावर इलाजही तितकाच सोपा असायला हवा होता. 'येतो' म्हणायचं नाही, बस. पण मग काय म्हणायचं? त्यांनी दारात जाऊन "बरं, निघतो" असं म्हणून पाहिलं. बस निघाली, बरीच लांब गेली, एका पुलावरूनसुद्धा गेली, आणि परत आली. निघतो म्हटलं होतं, निघालो. पुढचं काही बोललोच नव्हतो. नंतर लातूरच्या एका वहिनींनी हात हलवून "बाय बाय मावशी" म्हटलं. म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तेव्हा बस सुरूच झाली नाही.

म्हणजे 'जातो' म्हणायला हवं होतं. सरळ, स्पष्ट. जातो.

आता हे इतरांना कळायचं नाही. ज्यांच्या भाषेत माणसं खुशाल जातो म्हणून जातात, त्यांना वाटेल, त्यात काय एवढं. पण हणमंतरावांनी सबंध आयुष्यात हा शब्द स्वतःबद्दल दारात उभं राहून उच्चारलेला नव्हता. लहानपणी एकदा शाळेला निघताना चुकून 'जातो' म्हणाले, तर आईनं दप्तर काढून घेतलं होतं, आत बसवलं होतं, आणि 'येतो' म्हणवून मगच सोडलं होतं. आमच्याकडे 'गेले' म्हटलं की माणसं चपला घालून नदीकडे निघतात. ते दारात उभे राहिले, हात जोडले, तोंड उघडलं, आणि जीभ हलेना. "जा..." एवढं झालं. पुढे खोकला आला. दुसऱ्यांदा "जा... गा बरीच हवेशीर हाय तुमची," असं काहीतरी बोलून ते मागे फिरले. मागे उभ्या असलेल्या मंडळींपैकी कुणी हसलं नाही, कारण पाळी सगळ्यांवरच येणार होती.

शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जातो."

म्हातारीनं मान हलवली. ती 'या' म्हणाली नाही.

मग रांग लागली. बारशाला लागते तशी नव्हे, दुसऱ्या कशाला तरी लागते तशी. एकेक जण पायरीपाशी यायचा, हळू आवाजात 'जातो' म्हणायचा आणि बसमध्ये जाऊन खाली मान घालून बसायचा. सौदामिनीनं 'जाते' म्हणून दोन्ही कानांना हात लावले. बसमध्ये बसल्यावर बायका मुसमुसत होत्या, आणि कुणासाठी ते त्यांना सांगता येत नव्हतं. सगळ्यात शेवटी वीरण्णा होता. बूट घालून, हात जोडून तो खाली वाकला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. हणमंतराव त्याच्या मागेच उभे होते. त्यांना ऐकू आलं.

"होगी बर्तीनी."

जाऊन येतो. म्हातारीचे डोळे हसले.

हणमंतराव त्याच्याशेजारी जाऊन बसले. बस निघाली, आणि अर्थातच परत आली. बसभर माणसं एकमेकांकडे संशयानं पाहू लागली. "नीट म्हणलाव ना तुम्ही?" "म्हणले की. तुम्हीच घाबरून काय तरी म्हणलाव." हणमंतरावांनी कुणाचं नाव घेतलं नाही. ते वीरण्णाला हाताला धरून ओसरीच्या टोकाला घेऊन गेले. धुकं आता पायरीपर्यंत आलं होतं, कुत्रं त्यात दिसेनासं झालं होतं, नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"वीरू, का म्हणलास तसं?"

"तुम्ही जावा हणमंता. मी हितं बरा हाय."

"अरे ती काय केवळावहिनी न्हाई."

"मला कळतंय की," वीरण्णा म्हणाला. "केवळा माझ्या खांद्याइतकी होती. ही तर दाराच्या चौकटीला लागती. मी काय येडा न्हाई." त्यानं दाराकडे हात केला. "पर हिच्या दारातून गेलेलं माणूस वापस येऊन राहिलंय, हणमंता. तू डोळ्यानं बगितलंस. माझ्या दारातून गेलेलं न्हाई आलं."

हणमंतरावांना रडू आलं, आणि ते त्यांनी धुक्यावर ढकललं. मग आपल्या मित्राचा हात घट्ट धरून ते म्हणाले, "वापस येतंय, पर ते कुठं पोचत न्हाई रे. आमी सकाळपासून येऊनच राहिलो. तिकडं मनस्विनी दारात उभी राहील. तिच्या आईनं तसं केलं, आता तू बी करणार काय?"

वीरण्णानं वेलाचं एक पान खुडलं. "मला तो शब्द म्हणायचा न्हाई, हणमंता. तिचा शेवटचा हाय त्यो."

"म्हणूनच तुझ्या तोंडून तिला खरा वाटंल."

वीरण्णा उठला. तो म्हातारीपुढे जाऊन उभा राहिला, हात जोडून, मान वर करून, कारण ती खरंच फार उंच होती. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग तो मोठ्यानं, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "होगतीनी."

म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओच्यातून काढून मूठभर अक्रोड त्याच्या ओंजळीत घातले. आणि ती बोलली. सबंध दिवसात 'या' सोडून ती दुसरं काहीच बोलली नव्हती. हणमंतराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते, आणि त्यांचे कान त्या वयात अजून चांगले होते.

ती म्हणाली, "बर्तीनी."

येते.

बस निघाली. एका वळणानंतर धुकं फाटलं आणि खाली ऊन पडलेलं शहर दिसलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विमानतळावर पोहोचले तर घड्याळात अजून सकाळच होती; त्यांच्या विमानाची चेक-इनची खिडकी उघडायला निम्मा दिवस बाकी होता. एवढा दिवस गेला कुठे, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सगळे आपापल्या बॅगांवर बसून राहिले, पाय सुजवून घेत राहिले. तपासणीवाल्यानं वीरण्णाचे अक्रोड उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. हणमंतरावांची कानटोपी मात्र ठेवून घेतली. का, ते सांगितलं नाही.

मनस्विनी हैदराबादच्या विमानतळावर आली होती. पप्पांना बघून तिनं आधी त्यांचं पोट बघितलं, मग तोंड बघितलं, आणि मग हणमंतरावांच्या पाया पडली. "काका, हसून राहिलेत की ओ पप्पा," ती म्हणाली. हणमंतराव म्हणाले, हवापालट झाला. शब्द पाळल्याचं समाधान म्हणून त्यांनी एक मोठा श्वास घेतला, पण तो जिथे पोहोचायला हवा तिथपर्यंत पोहोचला नाही.

पुढच्या महिन्यात ते उदगीरला वीरण्णाकडे गेले. घर झाडून-पुसून लख्ख. दार सताड उघडं. उंबरठ्यापुढे पाणी शिंपडलेलं आणि रांगोळीचे चार ठिपके, न जोडलेले. वीरण्णाचं वजन वाढलं होतं. तो आपल्या हातानं चहा करून घेऊन आला. ट्रेमध्ये तीन कप होते. दोन दुधाचे, आल्याचे, बशीसकट. तिसरा काळा, बिनदुधाचा, आणि त्याच्याजवळ एक फोडलेला अक्रोड.

"हा कुणाचा?" हणमंतरावांनी विचारलं.

"पाहुणीचा."

"कोण पाहुणी?"

"येते म्हणली न्हाई का?" वीरण्णा म्हणाला. "तू हुतास की तिथं. तिला दुधाचा आवडत न्हाई. आपल्याकरता करून राहिली हुती बिचारी."

काळा कप त्यानं आत नेऊन ठेवला. हणमंतरावांनी मग मनस्विनीची, हवेची, सिमेंटच्या भावाची चौकशी केली. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांनी पाठ केली होती, आणि ती तशीच राहील याची ते काळजी घेत होते. चहा संपल्यावर ते उठले. चपला घातल्या. उंबरठ्याशी आले आणि अडकले. 'येतो' म्हणावं तर पंचाईत, 'जातो' म्हणावं तर मित्राच्या दारात अपशकुन. 'निघतो'ची गत त्यांनी पाहिलीच होती. वीरण्णा बशी ओठांना लावून मजेत बघत होता.

अखेर सवयीपुढे कुणाचं काय चालतं? हणमंतराव म्हणाले, "बरं वीरू, येतो."

"या," असं स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं.

वीरण्णाच्या ओठांना बशी तशीच लागलेली होती.

हणमंतराव बसस्टँडपर्यंत चालत गेले की धावत, हे त्यांना आठवत नाही. नांदेडची गाडी फलाटाला लागलेली होती. कंडक्टर दारात उभा होता.

"ही गाडी नांदेडला जाते ना?"

"जाते की. बसा."

"नक्की जाते?"

"जाते ओ मामा. पाटी वाचता येत न्हाई का?"

हणमंतरावांनी त्याच्याकडून तो शब्द आणखी एकदा म्हणवून घेतला आणि मगच पायरीवर पाय ठेवला.